नावं विचारायची राहून गेली

आमची मुलगी 29व्या आठवड्यात जन्मली. नवजात अतिदक्षता विभागात दहाव्या दिवशी तिचा श्वास मध्येच थांबू लागला, दूध पचेना. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला. तो घरून आलेला नव्हता, तिथलाच होता. राग आला, खोटं कशाला बोलू.

पण तिथेच जे पाहिलं तेही सांगायला हवं. रात्रपाळीच्या सिस्टर इनक्युबेटरमध्ये हात घालण्याआधी दर वेळी हात चोळायच्या. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. कितीही घाई असो, 20-30 सेकंद. सलाईनच्या नळीचं तोंड स्पिरिटने घासून वाळेपर्यंत थांबायच्या. "ओलं असताना उपयोग नाही, दादा." एकदा मोठ्या डॉक्टरांनाच त्यांनी अडवलं, "सर, घड्याळ." त्यांनी निमूटपणे काढून खिशात टाकलं. (1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने इतर डॉक्टरांना हात धुवायला लावलं, तेव्हा किती जण चिडले होते!)

आईकडून बाळाला जाणाऱ्या अँटीबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत जातात. आमच्या लेकीला ते महिने मिळालेच नाहीत. म्हणून थेंब थेंब दूध काढायला माझ्या बायकोला रात्री तीन वाजता शिकवणाऱ्या ताई, इनक्युबेटरचा कोपरा न् कोपरा पुसणाऱ्या मावशी आणि त्या सिस्टर, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मास्कमुळे तुमचे चेहरेही नीट दिसले नाहीत. लेक घरी आहे, आणि तिला उचलण्याआधी आम्ही अजून अंगठे चोळतो.