आखाजीला या, ताई

ताई,

काल नाना घरापासून बोरी नदीच्या पुलापर्यंत चालून आले. मध्ये एकदाही टेकले नाहीत. रात्री ते झोपल्यावर मी हे लिहायला बसलो.

तुम्हाला आठवतही नसेल. फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशी नानांच्या बरगड्यांवर हात ठेवण्याआधी तुम्ही विचारलंत, "नाना, हात ठेवू का?" त्याआधीचे दोन महिने सगळ्यांनी त्यांना कापसाच्या गाठीसारखं उलटंपालटं केलं होतं. सुया टोचल्या, सदरा वर केला, पोट दाबलं. विचारलं कुणीच नव्हतं. नानांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. तुम्ही म्हणालात, "आता श्वासानं माझा हात ढकला." 22 वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फफुटा खाल्लेल्या त्या छातीनं तुमचा हात ढकलला. थोडासाच, पण ढकलला.

चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. तिथे श्वासाच्या व्यायामासाठीच्या, तीन गोळे असलेल्या यंत्राचा खोका कुणीतरी उशाशी ठेवून गेलं. बिलात त्याचे पैसे बरोबर लागले, वापरायचं कसं ते मात्र कुणी सांगितलं नाही. नाना त्यात फुंकत राहिले. गोळे हलेनात, तेव्हा आम्हाला वाटलं यंत्रच खराब आहे. कफ साठला, न्यूमोनिया झाला, आठ दिवस आयसीयूत गेले. "वय झालंय, फुप्फुसंच खराब आहेत," असं मला ऐकवलं गेलं आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आज ऐकून घेतलं नसतं.

कारण तसंच यंत्र तुम्ही या वेळच्या पोटाच्या ऑपरेशनच्या पाच आठवडे आधी त्यांच्या हातात दिलंत आणि चक्क अहिराणीत म्हणालात, "नाना, फुकानं नही, वढानं." फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा. 600 आकडा लिहिलेला पहिला गोळा वर गेला तेव्हा नाना पोरासारखे हसले. पोट कापलं की दुखतं, दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, मग फुप्फुसाचा तळ उघडतच नाही आणि तिथे कफ साचतो. हे तुम्ही त्यांना विहिरीच्या गाळावरून समजावलंत. तळ उपसला नाही तर गाळ धरतोच, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचं, उठताना आधी कुशीवर वळायचं, हे सगळं पोट दुखत नसताना त्यांच्या अंगवळणी पाडलंत. म्हणून ऑपरेशननंतर, मी घाबरून नुसता उभा असताना, नानांनी स्वतःच उशी ओढून घेतली. बिडीसुद्धा त्यांनी तुमच्या शब्दाखातर सोडली. आईनं त्यासाठी उभा जन्म डोकं फोडलं होतं.

नंतर मी याबद्दल वाचलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 441 रुग्णांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झालाय. पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टनं एकदाच अर्धा तास शिकवलं, तर नंतरचे फुप्फुसाचे त्रास निम्म्यावर आले. अर्धा तास! वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. आमच्या त्या आठ दिवसांपुढे कुणाचा अर्धा तास जड झाला होता?

मशीन मोठं असलं, इमारत काचेची असली म्हणजे दवाखाना मोठा, असं आम्ही खेड्यातली माणसं समजतो. तुमच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि भिंतीवर कॅलेंडर होतं. पण तिथून बाहेर पडताना नाना दरवेळी जरा ताठ चालायचे. समोरच्या म्हाताऱ्याला माणूस समजणारं कुणी भेटलं की त्याचं निम्मं दुखणं तिथंच हलकं होतं, हे मी रोज पाहिलंय.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी 900 चा गोळा वर गेला. नर्सनं विचारलं, "बाबा, कुणी शिकवलं?" नाना म्हणाले, "मनी आंडेरनी." माझ्या लेकीनं.

आम्हाला बहीण नाही, ताई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. आई खापरावरच्या पुरणपोळ्या करणार आहे, आंबेही तोवर येतील. नानांनी अंगणातल्या निंबाला झोका बांधायला दोर आणून ठेवलाय. तुम्ही या.

तुमचा,
नानांचा धाकटा