मेगापिक्सेलच्या शेजारी सेन्सरचे मापही छापा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या दैनिकात कॅमेऱ्यांच्या आणि मोबाइल फोनच्या पानभर जाहिराती येतात. त्यांतील बहुतेकींत सर्वांत ठळक टायपात एकच आकडा असतो : ५० मेगापिक्सेल, १०८ मेगापिक्सेल, २०० मेगापिक्सेल. मी सांगलीत कलर लॅब चालवतो. कॅमेरा घेण्याआधी सल्ला विचारायला येणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्नही 'किती मेगापिक्सेलचा घेऊ?' असाच असतो, आणि बरेचदा तोच शेवटचा असतो. हा आकडा म्हणजे निव्वळ धूळफेक आहे, असे जाणकारीच्या आविर्भावात सांगण्याची हल्ली जी पद्धत पडली आहे, तीही मला मान्य नाही. आकडा खरा असतो. मात्र तो ज्या मापाच्या आधारावर वाचायचा, ते सेन्सरचे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीचे, माप जाहिरातीत छापलेले नसते, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

आधी आकड्याचा हिशेब मांडतो. सेन्सरवर आडवे ६००० आणि उभे ४००० पिक्सेल, म्हणजे उजेड टिपणारे सूक्ष्म ठिपके, असतील तर गुणाकार २ कोटी ४० लाख, म्हणजे २४ मेगापिक्सेल होतो. कागदावर उत्तम छपाईसाठी आम्ही इंचाला ३०० ठिपके धरतो. त्या हिशेबाने ४ बाय ६ इंचांच्या नेहमीच्या फोटोला १८०० गुणिले १२००, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल पुरतात, तर ८ बाय १२ इंचांच्या फोटोला ९ मेगापिक्सेलच्या आत काम भागते. पूर्ण एचडी दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर मुळात २ मेगापिक्सेलच असतात आणि 'फोर-के' पडद्यावर ८ मेगापिक्सेलच्या थोडे वर. १९९९ साली आलेला निकॉनचा 'डी-१' हा कॅमेरा २.७ मेगापिक्सेलचा होता आणि जगभरातील वृत्तछायाचित्रकारांनी त्यावर काम केले. वर्तमानपत्राच्या कागदाला त्याहून फार जास्त लागतही नाही, हे आपल्या छपाई विभागाला मी सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट अशी की, मेगापिक्सेल हे लांबी आणि रुंदीच्या गुणाकाराने वाढतात, त्यामुळे आकडा दुप्पट झाला म्हणून तपशील दुप्पट होत नाही. फोटोची लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट करून तितक्याच बारकाव्याने छापायची असेल तर मेगापिक्सेल चौपट लागतात. १२ वरून ४८ वर गेल्यावर कुठे इंचामागचे ठिपके दुप्पट होतात. २० ऐवजी २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतल्याने लांबीत दहा टक्क्यांचीही वाढ होत नाही आणि तो फरक छापील फोटोत कोणाच्याही नजरेस येत नाही. तरीही तेवढ्या फरकासाठी चार-पाच हजार रुपये जास्त मोजायला तयार असलेली माणसे मी पाहतो.

आता मूळ मुद्दा. फोटो उजेडाने तयार होतो आणि उजेड गोळा करण्याचे काम सेन्सरचे क्षेत्रफळ करते. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. आपल्याकडे लग्नाच्या कामात सर्रास वापरला जाणारा एपीएस-सी सेन्सर साधारण ३३० ते ३७० चौरस मिलिमीटरचा भरतो. खिशात मावणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यांत वर्षानुवर्षे जो सेन्सर बसवला गेला, तो अवघा २८ चौरस मिलिमीटरचा आहे. या तिन्हींवर २० मेगापिक्सेल बसवता येतात आणि बसवले गेलेही आहेत. जाहिरातीत तिन्ही कॅमेरे सारखेच दिसतील. सातबाऱ्यावर नावे वाढली म्हणून शिवारात जमीन वाढत नाही, तसेच हे आहे. क्षेत्र तेवढेच राहून वाटेकरी वाढले की एकेका पिक्सेलच्या वाट्याला येणारा उजेड कमी होतो आणि त्याचा परिणाम भर दुपारच्या फोटोत न दिसता मंगल कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांखाली, देवळाच्या गाभाऱ्यात किंवा गणपतीच्या रात्रीच्या मिरवणुकीत दिसतो. नवरीच्या शालूचा गडद भाग बघावा : जिथे रेशमाचा पोत दिसायला हवा तिथे लाल-हिरवे दाणे दिसतात, किंवा कॅमेऱ्याने ते दाणे पुसताना जरही पुसून टाकलेली असते आणि काठ मेणासारखा गुळगुळीत झालेला असतो.

इथे एक खुलासा केला पाहिजे, कारण या मुद्द्यावर उलट बाजूनेही अतिशयोक्ती होते. सेन्सरचे क्षेत्रफळ सारखेच असेल, तर जास्त मेगापिक्सेल म्हणजे रात्रीचा फोटो खराबच, असे समीकरण नाही. ४५ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा फोटो एकाच मापात छापला, तर त्यांतल्या दाण्यांचा फरक पुष्कळदा शोधूनही सापडत नाही. निर्णायक ठरते ते एकूण क्षेत्रफळ, आणि नेमके तेच गिऱ्हाइकाला सांगितले जात नाही.

जिथे सांगितले जाते, तिथेही ते कळू नये अशी सोय आहे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात '१/२.३ इंच' असे लिहिलेले असते. इंचाचे २.५४ सेंटिमीटर धरून कोणीही भागाकार केला तर ११ मिलिमीटर येतात आणि हा सेन्सरचा कर्ण असावा, असे वाटते. प्रत्यक्षात त्या सेन्सरचा कर्ण ७.७ मिलिमीटरच्या आसपास असतो. 'एक इंची' म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा आहे; त्याची कोणतीही बाजू किंवा कर्ण एक इंच नाही. ही मोजणी जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आली. नळीच्या आत प्रतिमेला वापरता येणारी जागा व्यासाच्या साधारण दोन तृतीयांश असे. नळ्या कधीच्याच इतिहासजमा झाल्या, त्यांचे माप मात्र अजून चालू आहे. किराणा दुकानदाराने पिशवीच्या वजनासकट साखर तोलली तर आपण भांडतो, इथे मात्र अशाच मापाने माल घेऊन निमूटपणे घरी येतो.

फोनच्या बाबतीत आकड्यांची कसरत आणखी पुढे गेलेली आहे. २०२३ पासून महागड्या फोनमध्ये आलेल्या सॅमसंगच्या २०० मेगापिक्सेल सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे ७२ चौरस मिलिमीटर आहे आणि त्यावरचा एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान आहे. एफ १.७ छिद्राच्या (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके भिंगाचे छिद्र मोठे) अगदी निर्दोष भिंगातूनही हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू विवर्तनामुळे, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्याने, सव्वादोन मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो, म्हणजे तो आडव्या ओळीतले तीन-चार पिक्सेल व्यापतो. भिंगालाच जो बारकावा टिपता येत नाही, तो सेन्सर कुठून आणणार? कंपन्यांनाही हे पक्के ठाऊक आहे. म्हणून असे फोन नेहमीच्या वापरात सोळा शेजारी पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. यात लबाडी नाही. उलट ही युक्ती चांगली आहे, आणि नोकियाने २०१२ मध्ये '८०८ प्युअरव्ह्यू' या ४१ मेगापिक्सेलच्या फोनमध्ये अनेक पिक्सेल मिळून ५ मेगापिक्सेलचा उत्तम फोटो काढून ती दाखवून दिली होती. अॅपलने तर २०१५ ते २०२१ या काळात आयफोनचा मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलवरच ठेवला आणि सेन्सर, भिंग व संगणकीय प्रक्रिया सुधारत नेली. वरचे २०० मेगापिक्सेलचे फोन मात्र साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात आणि जाहिरात २०० मेगापिक्सेलची होते. स्वस्त फोनमध्ये 'चार कॅमेरे' असा गजर करून त्यांतले दोन प्रत्येकी २ मेगापिक्सेलचे बसवायचे, हा प्रकार तर केवळ मागच्या बाजूची वर्तुळे मोजून घेणाऱ्यासाठी आहे.

कॅमेरा कंपन्यांपैकी एकीने या शर्यतीत एकदा उघडपणे माघार घेतली होती. कॅननने २००८ मध्ये 'पॉवरशॉट जी-१०' हा १४.७ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या जागी आलेला 'जी-११' १० मेगापिक्सेलचा केला. सेन्सरचा आकार तोच ठेवून आकडा खाली आणणे आणि कमी उजेडातल्या फोटोसाठी तसे केले, असे सांगून तो कॅमेरा विकणे, हे धाडसच म्हणायचे. असे धाडस पुढे फारसे कोणी केले नाही.

पैसे कुठे घालावेत असे कोणी विचारले तर मी भिंगाकडे बोट दाखवतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारे १८-५५ मिलिमीटरचे भिंग ५५ वर, म्हणजे पूर्ण झूमवर, नेले की त्याचे छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठे होत नाही. बाजारातले सर्वांत स्वस्त ५० मिलिमीटरचे भिंग एफ १.८ चे असते आणि ते जवळजवळ दहापट उजेड आत घेते. पहिल्या भिंगाने सेकंदाचा दहावा भाग लागणार असेल तिथे दुसऱ्याने शंभरावा भाग पुरतो. हळद लावताना हसणारी करवली एकात फिसकटलेली येते आणि दुसऱ्यात स्पष्ट येते. आमच्याकडे 'फोटो फुटतोय, जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यावा लागेल' म्हणून जे फोटो येतात, त्यांतले बरेच मुळात हात हलल्याने किंवा फोकस चुकल्याने बिघडलेले असतात, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळ व्हॉट्सअॅपवरून लहान होऊन आलेले असतात. व्हॉट्सअॅपने २०२३ मध्ये 'एचडी' पाठवण्याची सोय दिली, पण ते बटण दाबण्याचे कष्ट अजून बहुतेक जण घेत नाहीत. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा वापरून फोटो या मार्गाने लॅबला पाठवणे म्हणजे आकड्यासाठी दिलेले पैसे वाटेतच सांडून येणे होय.

जास्त मेगापिक्सेल खरोखर लागतात अशी कामे आहेत आणि ती मी दररोज पाहतो. लग्नाच्या अल्बमचे जोडपान १२ बाय ३६ इंचांचे असते. त्यावर वरात किंवा मंडपाचा एकच फोटो आडवा पसरायचा असेल, तर २४ मेगापिक्सेलचे ६००० पिक्सेल ३६ इंचांत वाटले जाऊन इंचाला १६६ ठिपके उरतात. लांबून चालते, पण अल्बम मांडीवर घेऊन बघितला जातो, आणि मागच्या रांगेतल्या मावशींचा चेहरा ओळखू येतो की नाही यावरून फोटोग्राफरची परीक्षा होते. तोच फोटो ४५ मेगापिक्सेलचा असेल तर इंचाला सव्वादोनशेच्या वर ठिपके मिळतात आणि फरक डोळ्यांना दिसतो. भिगवणला उजनीच्या पाण्यात उतरलेले रोहित पक्षी टिपणाऱ्यांचेही तसेच आहे : पक्षी चौकटीत लहान येतो, मग कातरून मोठा करावा लागतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी कातरली की हाती ६ मेगापिक्सेल उरतात; ८ बाय १२ इंचांपर्यंत ते निभावतात, पुढे नाही. जुनी हस्तलिखिते, नकाशे किंवा चित्रे यांच्या डिजिटल प्रती करणाऱ्यांनाही आकडा मोठाच हवा. चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला मात्र तो लागत नाही. तो फलक रस्त्याच्या पलीकडून बघायचा असतो, त्यामुळे इंचाला वीस-तीस ठिपक्यांवरही भाऊंचे हास्य पुरेसे उठून दिसते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणेही मोडते आणि २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा जाहिरातींसाठी पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. सेन्सरचे माप न छापणे या व्याख्येत बसते की नाही, हे वकिलांनी ठरवावे. सॉफ्टवेअरने मधले पिक्सेल कल्पनेने भरून फुगवलेला आकडा खोक्यावर छापणारे जे स्वस्त कॅमेरे ऑनलाइन विकले जातात, त्यांच्याबद्दल मात्र मला शंका वाटत नाही. ग्राहक पंचायतींनी निदान त्यांच्यापासून सुरुवात करावी.

आपल्या दैनिकाकडून माझी अपेक्षा त्याहून सोपी आहे. सणासुदीच्या खरेदी पुरवणीत कॅमेऱ्यांचे व फोनचे जे तक्ते आपण छापता, त्यांत मेगापिक्सेलच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत : सेन्सरची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि भिंगाचे सर्वांत मोठे छिद्र. कॅमेऱ्यांची ही दोन्ही मापे कंपन्यांच्या संकेतस्थळांवर बहुधा मिळतात. फोनच्या बाबतीत सेन्सरचे माप इंचाच्या अपूर्णांकात दिलेले असते, ते आपल्या प्रतिनिधीने कंपनीकडून मिलिमीटरमध्ये मागून घ्यावे. ज्या कंपन्या देणार नाहीत, त्यांच्या नावापुढचा रकाना रिकामा छापावा.

कळावे,

आपला,
कलर लॅब चालवणारा एक वाचक,
सांगली