वाघ्याला पुढे पळू दे

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचता वाचताच मनात उत्तर सुरू झालं होतं. तुझ्या कुत्र्याला, वाघ्याला, बरोबर घेऊन रानवाटांवरून पळायचं म्हणतोस, याचा मला फार आनंद झालाय. सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. मी म्हणेन, वाघ्यापासून कर. तू आधीपासून पळतोस, तुझे पाय तयार आहेत, त्याचे नाहीत. दिवसभर हुंदडणारा कुत्रा दमदार दिसतो खरा, पण हुंदडताना तो हवं तेव्हा थांबतो, वास घेतो, बसकण मारतो. एका लयीत सलग पळणं त्याला शिकावं लागतं.

म्हणून आधी पशुवैद्याकडे जा. हृदय, खुबे, गुडघे तपासून घे. कुत्र्याच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो. लहान जातींत तो साधारण वर्षाच्या आत भरून येतो, मोठ्या जातींत 12 ते 18 महिने लागतात आणि फार थोराड जातींत कधी दोन वर्षंही. त्याआधी त्याला दोरी ओढत पळायला लावलं तर सांधे कायमचे दुखावू शकतात. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांब. तेवढ्या काळात त्याला हुकूम शिकवता येतील.

कुत्र्याला दोरीने कमरेशी जोडून त्याच्यामागे पळण्याच्या या प्रकाराला कॅनिक्रॉस म्हणतात, हे तुला ठाऊक असेलच. बर्फावर स्लेज, म्हणजे घसरगाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांचा सराव बर्फ नसतानाही चालू राहावा म्हणून त्यांचे मालक त्यांच्यामागे पळू लागले, त्यातून हा खेळ वाढला. आता त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. फ्रान्सच्या आल्प्समध्ये ‘त्रोफे दे मोंतान्य’ नावाची डोंगरवाटांवरची शर्यत तर टप्प्याटप्प्याने कित्येक दिवस चालते. स्पर्धेतला एक नियम मला मनापासून पटतो: माणसाने कुत्र्याला ओढत न्यायचं नाही. कुत्रा पुढे, माणूस मागे. वेग त्याचा, थांबणं त्याचं. बाकी काही विसरलास तरी चालेल, एवढं लक्षात ठेव.

सामान तीनच वस्तूंचं. तुझ्या कमरेला रुंद पट्टा, वाघ्याच्या अंगात हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवर बसणारा पट्ट्यांचा साज, आणि दोघांमध्ये ताणली जाणारी दोरी. गळपट्ट्याला दोरी बांधून त्याला पळवू नकोस, कितीही थोडं अंतर असलं तरी. ओढ लागली की सगळा दाब श्वासनलिकेवर येतो. हार्नेस असा हवा की पुढचे पाय मोकळे पडतील आणि छाती फुगायला जागा राहील. घालून झाल्यावर त्याला चालव आणि बाजूने बघ. खांद्याच्या पुढेमागे होणाऱ्या हाडावर पट्टी घासत असेल तर तो हार्नेस पळण्याच्या कामाचा नाही. दोरी ताणल्यावर साधारण दोन मीटर होईल अशी घे. तिच्यातल्या लवचिक भागामुळे त्याचा झटका तुझ्या पाठीला बसत नाही आणि तुझा त्याला बसत नाही. पट्टा कमरेच्या वर सरकू देऊ नकोस, खुब्यांवर टेकलेला राहू दे. मांड्यांखालून पट्ट्या असलेला मिळाला तर उत्तम.

आता शिकवण्याचं. वाघ्या तुझ्या शेजारून नीट चालतो, आणि इथे तर त्याला ओढायला सांगायचंय! तो गोंधळेल असं तुला वाटेल, पण कुत्र्यांना हा भेद लवकर कळतो. गळपट्टा घातला की शेजारून चालायचं, हार्नेस घातला की पुढे जायचं. पहिल्या दिवसांत कुणाला तरी त्याच्या आवडत्या खेळण्यासह पुढे उभं कर, आणि दोरी ताणली गेली की भरभरून शाबासकी दे. डावं, उजवं, हळू, थांब आणि वाटेत दुसरा कुत्रा आला तर ‘सोड, पुढे चल’, एवढे हुकूम पुरे. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ यांचा शेवट सारखाच ऐकू येतो, म्हणून मी ‘डाव’ आणि ‘उजू’ असे तोडून ठेवलेत. ‘हळू’ मात्र पक्कं बसल्याशिवाय उतारावर जाऊ नकोस. चढावर त्याची ओढ सुखाची वाटते, पण उतारावर तीच माणसाला तोंडावर पाडते. तीव्र उतार आला की सरळ चाल.

सुरुवातीला मिनिटभर पळा, दोन मिनिटं चाला. सगळं मिळून एक-दोन किलोमीटर, आठवड्यातून दोन-तीन वेळा, मधे विश्रांतीचे दिवस. मातीची वाट निवड. तुझ्याही मांड्या दुखतील, कारण त्याच्या ओढीने पाऊल नेहमीपेक्षा लांब पडतं.

सगळ्यात जास्त काळजी मला उन्हाची वाटते, सुहास. आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ फक्त तळव्यांना येतो. त्याची खरी भिस्त धापा टाकण्यावर, म्हणजे जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडून जाण्यावर असते. हवा दमट असली की हा ओलावा उडत नाही. म्हणून नुसता पारा बघू नकोस, दमटपणाही बघ. पहाटेच निघ. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस. ते 41 च्या वर गेलं तर जिवावर बेततं. आणि उत्साही कुत्रा स्वतःहून थांबत नाही, तू पळतोयस म्हणून तो पळत राहतो. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, पाय लटपटले, की तिथेच थांब. सावलीत ने, अंगावर पाणी ओत, वारा घाल, आणि गार करता करताच डॉक्टर गाठ. त्याच्याआधी एक साधी खूण मिळते: दोरी सैल पडते. सतत पुढे असणारा वाघ्या तुझ्या बरोबरीला आला तर त्या दिवसाचं पळणं संपलं, असं समज.

खाणं पळण्याच्या दोन-तीन तास आधी, आणि नंतरही श्वास पूर्ण शांत झाल्यावरच. भरल्या पोटी पळवू नकोस; खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. पाणी थोडं थोडं पाज. घरी आलात की तळवे उघडून बघ, बोटांच्या बेचक्यांत काटा नाही ना, कानामागे गोचीड नाही ना. मला ही दहा मिनिटं फार आवडतात. माझा कुत्रा शेरू पाठ टेकून चारही पाय वर करतो आणि तपासून घेतो.

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव. हार्नेस मागवण्याआधी वाघ्याच्या मानेचं आणि छातीचं माप पाठव, आपण दोघं मिळून आकार ठरवू.

तुझा,
अविनाश