गोलाईवरच्या पेंढीवाल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचा नातू हे वाचून दाखवेल म्हणून लिहिते आहे. तोंडानं आभार मानायला गेले की तुम्ही "आगं माय, त्यात काय एवढं" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळता आणि माझं बोलणं अर्धंच राहतं. इथं तुम्हाला वळता यायचं नाही.

संक्रांतीच्या आधीचा शनिवार होता. शाळा सुटल्यावर चिंगीला, म्हणजे आमच्या गिनीपिगाला, टोपलीत घालून मी आधी लातुरातल्याच एका दवाखान्यात गेले होते. आठवडाभर काहीतरी बिनसलंय असं लेकीला वाटत होतं, मला नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी वरून पाहिलं आणि "खातंय की, काही झालेलं नाही" म्हणून परत पाठवलं. त्यांचा दोष तरी किती म्हणावा? टेबलावर ठेवल्याबरोबर चिंगीनं कोथिंबिरीची काडी तोंडात धरली होती. माझा जीव भांड्यात पडला. तशीच गंजगोलाईवर आले, नेहमीसारख्या लसूणघासाच्या दोन पेंढ्या घ्यायला.

तुम्ही टोपलीत वाकून पाहिलंत. "हे काय, ससा का उंदीर?" म्हणालात. मी म्हटलं, गिनीपिग. नाव काही तुम्हाला पटलं नाही, पण हातातली पेंढी तुम्ही खाली ठेवलीत आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिलात. मग म्हणालात, "बाई, हे खायलंय कुठं? नुसतं तोंड हलवायलंय."

खरंच होतं. ती काडी दवाखान्यापासून गोलाईपर्यंत तशीच तिच्या तोंडात होती.

नंतर तुम्ही एकेक विचारत गेलात आणि मी एकेका प्रश्नाला शरमत गेले. अंग फुगवून बसते का? हो, पण मला वाटलं थंडी आहे. पाठ कमानीसारखी करते का? करते. जोडीदारापासून लांब बसते का? बसते, भुरीशी भांडण झालं असेल असं आम्ही धरून चाललो होतो. मुतताना ओरडते का? इथं लेक मधेच बोलली, "आई, मी सांगितलं होतं ना." सांगितलं होतं तिनं. अंथरलेल्या पांढऱ्या फडक्यावर गुलाबी डाग पडलाय हेही सांगितलं होतं. मी म्हणाले होते, बीट खाल्लं असेल.

तुम्ही चिंगीला उचललंत आणि हातानंच तोलून म्हणालात, "हलकं झालंय." आजवर एकदाही जिला उचललं नव्हतं, तिचं वजन कमी झालंय हे तुम्हाला कसं कळलं, हे मला अजून उमगलेलं नाही. पाठीचा कणा बोटांना लागला असेल. शेजारच्या भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवलं तर ७९० ग्रॅम भरली. दिवाळीत लेकीनं वहीत लिहून ठेवलं होतं ९१०. एवढ्याशा जिवाचे १२० ग्रॅम गेले आणि दाट केसांखाली घरात कुणाला दिसलं नाही.

मी म्हटलं, मग ती डॉक्टरांसमोर खाल्ल्यासारखं का करत होती? त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मी पुढं वर्गात मुलांनाही सांगितलं. कळपातली आजारी शेळी होईल तोवर मागं राहत नाही, मधोमध घुसून चालते. मागं राहिली की लांडगा तिलाच उचलतो. "दुखणं दाखवायचं चैनीचं काम माणसाचं. जित्राबाला परवडत नाही." गिनीपिगांचं मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांकडचं. तिथं लांडग्याऐवजी कोल्हे आणि शिकारी पक्षी, एवढाच फरक. आमच्या बैठकीत कुणी शिकारी येणार नाही हे चिंगीला कोण सांगणार?

घरी फ्रिजमध्ये लेकीच्या खोकल्याच्या वेळचं अँटिबायोटिक उरलं होतं. रात्री त्यातले दोन थेंब पाजू का, असं मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतंय? तुम्ही असं बघितलंत की मी विषयच सोडला. "माणसाचं औषध माणसाला. उदगीरला जा, तिथं ढोरांच्या डॉक्टरांचं कॉलेज हाय. आन् जाताना लेंड्या घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून थांबावं लागलं. सोमवारी रजा टाकली, एसटीनं उदगीर गाठलं. पर्समध्ये कागदाच्या पुडीत लेंड्या, अंगाऱ्यासारख्या जपून. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी ती पुडीच उघडून घेतली, तेव्हा मला तुमची आठवण आली. चांगली लेंडी लांबट, गुळगुळीत, एकसारखी असते. चिंगीच्या बारीक, वाकड्या, एका टोकाला निमुळत्या झाल्या होत्या. पोटात चारा कमी जातोय याची ती खूण. एक्स-रेमध्ये मूत्राशयात खडा दिसला, ज्वारीच्या कणीएवढा.

आणि आता जे सांगायचं ते तुमच्यासमोर उभं राहून सांगताना माझी जीभ अडखळली होती. खडा कॅल्शियमचा. मी रोज प्रेमानं घालत होते तो तुमच्याकडचा लसूणघास आणि वर पालक, दोन्हींत कॅल्शियम भरपूर. वाढत्या पिलाला आणि गाभण मादीला लसूणघास चालतो, मोठ्या गिनीपिगाला तो रोजचा चारा म्हणून नाही. म्हणजे तुमच्याकडं येऊन सांगायचं होतं ते हे, की तुमच्यामुळं चिंगी वाचली आणि आता तुमचा माल घेणार नाही.

तुम्ही हसलात. "बोकडालाबी व्हतो की खडा. मग हरळी न्या."

बाकीचं उदगीरला कळलं, तेही तुम्हाला सांगायचं राहिलंय. तुमच्या शेळ्यांना लिंबू-आवळ्याची गरज नाही, त्या सी जीवनसत्त्व अंगातच बनवतात. गिनीपिगाला ते जमत नाही, अगदी आपल्यासारखं. ते कमी पडलं की सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, जनावर हलायला मागत नाही आणि आपण म्हणतो आळशी झालंय. म्हणून रोज सिमला मिरचीची फोड, कधी पेरूची. पाण्यात थेंब टाकून भागत नाही, पाण्यातलं जीवनसत्त्व लवकर उतरतं. दात जन्मभर वाढतात, ते झिजायला वाळलेलं गवत सतत पुढ्यात हवं. हनुवटी लाळेनं ओली दिसली तर आधी दात बघायचे. आणि ते अँटिबायोटिक मी खरंच पाजलं असतं तर? डॉक्टरांनी बाटलीचं नाव ऐकलं आणि मानच हलवली. पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध तोंडावाटे गेलं की गिनीपिगाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, आणि मागोमाग जनावर.

चार रात्री मी गजर लावून दर तीन तासांनी उठत होते. गोळ्यांच्या रूपात मिळणारा गिनीपिगाचा खुराक पाण्यात भिजवून, सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडाथोडा. पोट रिकामं राहिलं की आतडी थांबतात, म्हणून सकाळपर्यंत वाट बघायची नाही असं बजावलं होतं. पाचव्या दिवशी फडक्यावर खडा सापडला. मादी होती म्हणून आपोआप पडला, नर असता तर वाट अरुंद, बहुतेक चिरावंच लागलं असतं. लेकीनं तो काडेपेटीत घालून तुम्हाला दाखवायला आणला, आणि तुम्ही चाळीशी लावून निरखलात, सोनाराकडं बसल्यासारखा.

आता दर रविवारी पोळ्यांच्या आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघींचं वजन होतं. वही लेकीकडं. पन्नास ग्रॅम खाली गेलं की कारण शोधायचं, असा तिचा नियम. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला तेव्हा तुम्ही सांगितल्याप्रमाणं जुना माठ आडवा ठेवला, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर त्यांना सोसत नाही, आपल्याकडं तर तेवढं पहाटेच असतं. दोघी दुपारभर त्या माठात.

चिंगी काल ९०५ भरली.

मावशी, ज्या हरळीला अख्खा मराठवाडा शिव्या देतो, ती तुम्ही तणनाशक न मारलेल्या बांधावरून निवडून आणता आणि "तणाचे कसले पैसे" म्हणून सहा महिने फुकट देताय. पाऊस झाला आहे, आता ती फोफावेल. रविवारी येते. या वेळी पैसे घेतले नाहीत तर समोरच्या पेंढीवाल्याकडून घेईन, आताच सांगून ठेवते.

तुमची,
टोपलीवाली बाई