क्षारपड जमिनीवर सौर पॅनेल : आधी माती तपासा

महोदय,

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर प्रकल्पासाठी दिलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. शिरोळ, मिरज, वाळव्याकडच्या क्षारपड जमिनीच्या मालकांना हा मोठाच आधार आहे. मात्र मुरमाड माळावरचा आराखडा जसाच्या तसा इथे आणू नये.

खारट, ओल्या मातीत लोखंडी खांबावरचा ८० मायक्रॉनचा जस्तलेप पुरेलच असे नाही. सर्वाधिक गंज जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात लागतो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. त्या पट्ट्यावर इपॉक्सीचा (गंजरोधक लेपाचा) जादा थर हवाच. क्लोराइड, सल्फेट तपासल्याशिवाय पायाचे सिमेंट ठरवू नये. काळी माती पावसाळ्यात फुगते, खांब कमी-जास्त उचलले जातात आणि पॅनेलच्या चौकटी पिळवटतात. म्हणून पुलआउट चाचणी (खांब वर ओढून त्याची पकड तपासणे) भर ओलीत घ्यावी, उन्हाळ्यात नव्हे. बोअरच्या खारट पाण्याने पॅनेल धुतले तर काचेवर पांढरा थर बसतो.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे निचऱ्याचे भूमिगत पाइप. ते साधारण चार-पाच फुटांवर असतात, खांब त्याहून खोल जातात. एक पाइप फुटला की वरच्या शेतकऱ्याचे पाणी तुंबते. पाइपांचा नकाशा, दुरुस्तीची जबाबदारी आणि मुदतीनंतर खांब उपटून देण्याची अनामत, हे तिन्ही भाडेकरारात लिहून घ्यावे. निचरा केल्यास ही जमीन पुन्हा पिकू शकते. तिला कायमची नापीक समजून करार करू नयेत.

– एक अभियंता, सांगली