सहा टेबलांचा हिशेब

चि. ओंकारास,

अनेक आशीर्वाद.

ताईकडून कळलं, तिकडं इंग्लंडात लीड्सला तू आता ऑनलाइन पोकरची एकदम सहा टेबलं लावायलास. पोकर खेळू नको म्हणत नाही. तिथं तो कायद्यानं चालतो आणि पैसे तुझ्या शनिवार-रविवारच्या कामाचे आहेत. पण सहा टेबलांचा हिशेब बसत नाही, तो मांडून दाखवते.

सहाजणांच्या टेबलावर तासाला साधारण 75 डाव होतात. सहा टेबलांचे 450, म्हणजे दर 8 सेकंदांना एक नवा डाव. त्यातले बहुतेक पानं बघताच टाकायचे असतात, म्हणून जमायलंय असं वाटतं. पैसा मात्र उरलेल्या थोड्या डावांत असतो. टर्नवर, म्हणजे मधलं चौथं पान उघडल्यावर, समोरच्यानं मोठी रक्कम लावली, तुझ्याकडं नुसती एक जोडी आहे आणि तेवढ्यात आणखी दोन टेबलांवर तुझं घड्याळ सुरू झालं. मग तू ‘बघू’ म्हणून कॉल करतोस, तेवढीच रक्कम भरून टाकतोस. मोंढ्यात एकाच वेळी चार ढिगांवर बोली लावणाऱ्याचं असंच होतं. सोयाबीनमध्ये हात घालून ओल बघायची राहून जाते.

आता आकडे. बिग ब्लाइंड, म्हणजे पानं बघायच्या आधी पाळीपाळीनं भरायची सक्तीची रक्कम, 10 सेंटचा धर. कमाई त्यातच मोजू. समज, एका टेबलावर तू 100 डावांमागं 8 ब्लाइंड कमावतोस. तासाला 6 ब्लाइंड, म्हणजे 60 सेंट. चार टेबलांवर लक्ष विभागून कमाई 100 डावांमागं 5 वर आली, तरी तासाला 15 ब्लाइंड होतात. इथपर्यंत फायदा. सहावर ती 3 झाली की तासाचे साडेतेरा. आठवर 1 राहिली की परत 6 ब्लाइंड, एका टेबलावर आरामात मिळत होते तेवढेच. तुझे स्वतःचे आकडे वेगळे निघतील, पण वळण असंच असतं. टेबलं मोजू नकोस, तासाचे ब्लाइंड मोज. रँडी ल्यूनं 2012 साली 8 तासांत 23,493 डाव खेळून गिनीजचा विक्रम केला. विक्रमासाठी फायद्यात राहणं सक्तीचं होतं. तो फायदा किती? 7 डॉलर 65 सेंट. आणि तो माणूस पोटापाण्यासाठी हेच करायचा.

यातली गोम अशी की फरक लवकर दिसतच नाही. या खेळात 100 डावांमागचा चढउतार 90 ब्लाइंडच्या आसपास असतो. 10,000 डाव झाल्यावरही तुझ्या सरासरीत 9 ब्लाइंड इकडं-तिकडं असू शकतात. म्हणजे वहीत ‘+5’ दिसलं तरी तू खरोखर जिंकणारा आहेस की हरणारा, ते सांगता येत नाही. एक लाख डाव झाले की हा फरक 3 च्या आत येतो. चार टेबलांवर त्याला 330 तासांच्या वर लागतात. तेव्हा ‘गेल्या आठवड्यात सहा टेबलांवर चांगलं चाललं’ हा पुरावा धरू नकोस.

म्हणून दोनपासून सुरू कर आणि एकेक वाढव. सगळी टेबलं एकाच पातळीची आणि तितक्याच खुर्च्यांची ठेव. सहाजणांचं आणि नऊजणांचं मिसळलंस की हात सवयीनं चालतो आणि नऊजणांत पहिल्या जागेवरून नको ती पानं खेळली जातात. स्पर्धा चालू असताना बाजूला रोख टेबल तर नकोच. स्पर्धा अर्ध्यावर सोडता येत नाही आणि शेवटी शेवटीच तिला सगळ्यात जास्त डोकं लागतं.

टेबलं एकमेकांवर रचू नकोस, शेजारी-शेजारी मांड. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर चार टेबलं 960 बाय 540 ची बरोब्बर बसतात. पाचवं आलं की झाकाझाकी सुरू. रचलेल्या टेबलांची खोड अशी की तू एकावर फोल्ड, म्हणजे पानं टाकायचं बटण, दाबायला जातोस, त्याच क्षणी दुसरं टेबल उसळून वर येतं आणि क्लिक तिथं पडतो. एक्क्यांची जोडी अशी फेकली जाते. मांडून घेतलंस की ‘टेबल आपोआप पुढे आणा’ हा पर्याय बंद कर. पत्त्यांचे चार रंग चालू कर: इस्पिक काळं, बदाम लाल, चौकट निळी, किलवर हिरवं. घाईत बदाम आणि चौकट एकच वाटून नसलेला फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) दिसतो, ते टळतं. रकमेची बटणंही आधी भरून ठेव: पहिली रेझ, म्हणजे वाढवलेली बोली, अडीच ब्लाइंडची, फ्लॉपनंतर (मधली पहिली तीन पानं उघडल्यावर) पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेच्या, 33 आणि 66 टक्के. आकडा टाइप करताना टिंब राहिलं की अडीचचे पंचवीस होतात.

‘आधीच फोल्ड’ची खूण करताना जपून. बिग ब्लाइंडवर कुणी रेझ केलीच नाही, तर फुकटात फ्लॉप बघायला मिळतो. साध्या फोल्डनं तो जातो. ‘चेक किंवा फोल्ड’ची खूण कर, म्हणजे काही न भरता पुढं जाता आलं तर जायचं, नाहीतर पानं टाकायची. तीही रोजची नको, कारण क्षणात पडणारा चेक बघून समोरचा ओळखतो की तुझं लक्ष नाही. टेबलावर बसताना बिग ब्लाइंड तुझ्यापर्यंत येईस्तोवर थांब, उगाच जास्तीचा भरू नकोस. उठताना पुढचा बिग ब्लाइंड यायच्या आधी ऊठ, म्हणजे भरलेल्या फेरीचे सगळे डाव वसूल होतात.

होस्टेलच्या वायफायवर चार टेबलं म्हणजे जुगारातला जुगार. लाइन गेली की चारही ठिकाणचे डाव एकदम जातात. केबल लाव आणि मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेव.

कधी कमी करायचं? ठरलेला वेळ संपून राखीव वेळ एका बैठकीत दोनदा लागला, किंवा रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पानावर, आल्यावर फ्लॉपला कुणी रेझ केली होती ते आठवेना, की त्याच फेरीत एक टेबल बंद. एका टेबलावर मोठा पॉट गेला आणि शेजारच्या टेबलावर तू चिडून रेझ केलीस, तर सगळीच बंद. दीड तासाच्या वर बसू नकोस. अडलेल्या डावांवर खूण कर आणि उठल्यावर त्यातले पाच-सात नीट उलगडून बघ. जास्त टेबलं लावणारे नेमकं हेच टाळतात, म्हणून वर्षानुवर्षं तिथंच राहतात.

पैशाचं थोडक्यात. 10 डॉलरचं टेबल खेळायचं तर बाजूला 400 डॉलर हवेत. सहा टेबलांवर 60 डॉलर एकदम मांडलेले असतात, ते भांडवलाचे 15 टक्के झाले. शिवाय पॉटमधून साधारण 5 टक्के रेक, म्हणजे साइटचं कमिशन, कापला जातो. डाव वाढले की तोही वाढतो, तू जिंक नाहीतर हर. तिथं क्रेडिट कार्डानं जुगाराला पैसे भरणं एप्रिल 2020 पासून बंद आहे, ते बरंच झालं. खात्यावर भरण्याची महिन्याची मर्यादा आजच घाल. हात आवरेनासा झाला तर गॅमस्टॉपवर, म्हणजे जुगाराच्या साइट स्वतःला बंद करून घ्यायच्या तिथल्या सोयीवर, नाव नोंदव: 6 महिने, 1 वर्ष किंवा 5 वर्षं. मुदतीआधी ते उठवता येत नाही, म्हणूनच कामाचं आहे.

आणि दिवाळीला येशील तेव्हा खातं उघडायचंच नाही. ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं आपल्याकडं पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केलेत, कौशल्याचे असोत की नशिबाचे. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, हे मलाही माहीत आहे. लगेच सांगू नकोस. पण व्हीपीएन लावून इथनं शिरलास की तिकडची साइट खातं गोठवते आणि आतले पैसे अडकतात. तिरट खेळणारे तुझे चुलतभाऊ ‘दे की जरा, दोन डाव बघू’ म्हणतील. दुसऱ्याच्या हाती खातं दिलं तरी तेच होतं.

दोनावरून चारवर आलास की महिनाभर तिथंच खेळ आणि डाव, तास, ब्लाइंड असे तीन रकाने मला पाठव. रकमा नको पाठवूस, त्यातनं काही कळत नाही. तिकीट काढलंस की तारीख कळव. नांदेडला उतरणार की संभाजीनगरला, तेही. बाबा घ्यायला येतील.

तुझी,
आई
लातूर