पडद्यावरच्या पोरांसाठी रडता, मग खऱ्या पोरांना का छळता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'हीटेड रायव्हलरी' या कॅनडातल्या मालिकेच्या क्रेझवर छोटा लेख आला होता, तो मी इथे मिसिसागात बसून ऑनलाइन वाचला. लेख तसा बरा होता, पण शेवटी लिहिलं होतं की चाहत्यांना आता एकच उत्सुकता आहे, ती म्हणजे हे दोन हिरो खऱ्या आयुष्यात पण गे आहेत का. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. मी स्वतः या मालिकेची फॅन आहे, अगदी वेडी फॅन म्हणा, आणि माझा मुलगा इथे आइस हॉकी खेळतो, त्यामुळे मला ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लागते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोष्ट दोन आइस हॉकी खेळाडूंची. शेन हॉलंडर माँट्रियलच्या टीमचा स्टार, इल्या रोझानोव बॉस्टनच्या टीमचा, रशियन. जगासमोर कट्टर दुश्मन आणि हॉटेलच्या बंद खोलीत वर्षानुवर्षं एकमेकांचे. कोणाला कळलं तर करिअर संपलं ही भीती दोघांना, आणि इल्याला तर घरी परत जायचीच भीती, कारण रशियात 2013 पासून समलिंगी संबंधांच्या प्रचाराविरुद्ध कायदा आहे आणि 2023 च्या नोव्हेंबरमध्ये तर तिथल्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी लोकांच्या हक्कांची सगळी चळवळच अतिरेकी ठरवून टाकली. मालिका 28 नोव्हेंबर 2025 ला क्रेव्ह या इथल्या ओटीटीवर सुरू झाली, फक्त 6 भाग, नाताळच्या दुसऱ्या दिवशी संपली पण, आणि तेवढ्यात कॅनडा-अमेरिकेत लोक अक्षरशः पागल झाले.

पाचव्या भागात काय होतं ते सांगते, कारण सगळं तिथेच आहे. इल्याचे वडील गेलेत, तो मॉस्कोत आहे, फोनवर शेनशी इंग्रजीत बोलताना त्याला शब्दच सुचत नाहीत. शेन म्हणतो तू रशियनमधून बोल, मला नाही कळणार तरी बोल. आणि मग तो बोलत सुटतो, सगळं मनातलं, प्रेम आहे हे पण सांगून टाकतो, आणि समोरच्याला त्यातलं काही कळत नाही. मी तो सीन पॉज करून करून पाहिलाय. आणि त्याच भागाच्या शेवटी दुसरा एक खेळाडू, न्यूयॉर्कचा कॅप्टन स्कॉट हंटर, कप जिंकल्यावर आपल्या प्रियकराला, किपला प्रेक्षकांतून खाली बर्फावर बोलावतो आणि सगळ्या स्टेडियमसमोर किस करतो. त्या सीनला बारमध्ये एकत्र बसून बघणारे लोक कसे किंचाळले, कसे रडले, त्याचे व्हिडिओ तुम्ही पण पाहिले असतील. हॉकीवर 'एम्प्टी नेटर्स' नावाचा पॉडकास्ट करणारे एकदम मर्दानी गडी, ते पण दर आठवड्याला बसून यावर मनापासून बोलायला लागले. त्यामुळे या फॅन्सना येडचाप बायका म्हणून जे हसतात ना, त्यांना काही कळलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. हे रडणं खरं आहे.

कारण बाहेर खऱ्या हॉकीत काय आहे ते बघा. मी हे लिहितेय तोवर तरी एनएचएलची, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगची, एक पण मॅच खेळलेल्या कुठल्याच खेळाडूने, आजी असो वा माजी, मी गे आहे असं जाहीर केलेलं नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनी लीग! ल्यूक प्रोकॉपने 2021 च्या जुलैमध्ये सांगितलं, त्याचा एनएचएलमधल्या नॅशव्हिलच्या टीमशी करार होता, पण तो खालच्या लीगमध्येच खेळत होता. 2023 मध्ये लीगने आधी वॉर्मअपच्या प्राइड जर्सी, म्हणजे समलिंगी लोकांना पाठिंबा दाखवणाऱ्या जर्सी बंद केल्या, मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टिकवर त्याच पाठिंब्याची इंद्रधनुषी टेप लावायला पण बंदी घातली. ॲरिझोनाच्या ट्रॅव्हिस डर्मॉटने सरळ टेप लावून मॅच खेळली तेव्हा कुठे काही दिवसांत ती बंदी मागे घेतली. आणि आता हीच लीग या मालिकेमुळे नवे फॅन मिळतायत म्हणून खूश आहे, लीगचे प्रमुख, कमिशनर बेटमनसाहेबांनी एका रात्रीत सगळे भाग बघितले म्हणे. बघितले ते छान केलं, पण तिकिटं विकली जातायत म्हणून खूश होणं वेगळं आणि एखाद्या पोराला ड्रेसिंग रूममध्ये खरं बोलता येईल असं करणं वेगळं.

पण माझी खरी तक्रार लीगबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे, आम्हा फॅन्सबद्दल. शेन आणि इल्याचं काम करणारी हडसन विल्यम्स आणि कॉनर स्टोरी ही दोन पोरं, काल-परवापर्यंत हॉटेलात वेटरची कामं करणारी, आज ऑलिम्पिकची मशाल घेऊन धावली, आणि लोक त्यांच्या मागे लागलेत की सांगा, तुम्ही गे आहात का, नसाल तर हा रोल केलाच कसा, तुमची गर्लफ्रेंड आहे का, तो फोटो कोणाबरोबरचा. त्यांनी सांगितलं की आम्हाला यावर बोलायचं नाही. दिग्दर्शक जेकब टियर्नी, जो स्वतः गे आहे, त्याने पण सांगितलं की कास्टिंग करताना असं विचारताच येत नाही, ते कायद्यात बसत नाही. तरी थांबत नाहीत. अहो ज्या गोष्टीसाठी तुम्ही शेन आणि इल्यासाठी ढसाढसा रडलात, की यांना यांच्या वेळेला यांच्या तोंडाने सांगू दे, तेच तुम्ही समोरच्या जिवंत माणसाला करू देत नाही!

हे काही पहिल्यांदा होत नाहीये. 'हार्टस्टॉपर' मालिकेत रग्बी खेळणाऱ्या निकचं काम करणारा किट कॉनर, 18 वर्षांचा पोरगा, त्याला एका मुलीबरोबर बघितलं म्हणून फॅन्स तुटून पडले की हा आम्हाला फसवतोय, आमच्या भावनांचा बाजार मांडतोय. शेवटी 2022 च्या ऑक्टोबरमध्ये त्याला लिहावं लागलं की मी बायसेक्शुअल आहे, 18 वर्षांच्या मुलाला जबरदस्तीने बोलायला लावलंत त्याबद्दल अभिनंदन, आणि तुमच्यातल्या काहींना आमची मालिका कळलेलीच नाही. हे लिहिण्याची वेळ आणणारे कोण होते, तर त्याचे चाहते. आणि आपल्याकडे धावपटू द्युती चंद, 2019 मध्ये तिने आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं सांगितलं तेव्हा टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, पण घरातूनच धमकी देऊन पैसे मागितले जात होते म्हणून बोलावं लागलं, असं तिनेच तेव्हा सांगितलं होतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाचा निकाल 2018 ला लागला होता, म्हणजे कायद्याची भीती गेली होती, तरी धमकी चाललीच ना?

आता हे मला इतकं का लागलं ते सांगते. रिंकवर पहाटेच्या प्रॅक्टिसला आम्ही आया ब्लँकेट घेऊन, टिम हॉर्टन्सची कॉफी घेऊन वरच्या बाकांवर बसतो, आणि हिवाळाभर तिथे दुसरा विषयच नव्हता, कोणाला इल्या आवडतो कोणाला शेन. छान चालायचं, मी पण त्यात. एकदा त्यातली एक जण खाली बर्फावर बोट दाखवून म्हणाली, हा बघ आपला शेन, मला तर आत्ताच दिसतंय. आणि सगळ्या कौतुकाने हसल्या. कौतुकानेच, वाईट मनात काही नव्हतं तिच्या. पण तो मुलगा 13 वर्षांचा आहे, आणि त्याचे वडील दोन बाकं खाली बसले होते, ते उठून काचेजवळ जाऊन उभे राहिले ते प्रॅक्टिस संपेपर्यंत तिथेच. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की असं नको बोलूस. तिला खरंच कळेना की चुकलं काय, ती म्हणे मी तर सपोर्ट करतेय. सपोर्ट करायचाच असेल तर त्याच रिंकच्या ड्रेसिंग रूममध्ये पोरं एकमेकांना ज्या शिव्या घालतात, पास चुकला तरी गे म्हणून हिणवतात, तिथे कोचला जाऊन बोला ना. ते आम्ही दोघीतिघीच बोललो आणि कोच म्हणाले, मुलं आहेत, चालायचंच. माझा मुलगा ते रोज ऐकतो. तो कोण आहे मला माहीत नाही आणि मी विचारणार पण नाही.

हडसन विल्यम्सने जानेवारीत एका मुलाखतीत सांगितलं की अजून खेळत असलेले, कोणाला काही न सांगितलेले प्रोफेशनल खेळाडू नाव न सांगता मालिकेच्या मंडळींना मेसेज करतायत. ही माणसं पण आपल्या कमेंट वाचत असतील की. नुसत्या नटांची ही अवस्था करतात म्हटल्यावर त्यातला कोण पुढे येणार हो?

म्हणून संपादकसाहेब, एकच विनंती. मालिकेवर अजून लिहा, अभिनयावर लिहा, हॉकीवर लिहा, मराठी वाचकांना आवडेल, पण 'खऱ्या आयुष्यात कोण' हा प्रश्न तुमच्या पुरवणीत परत छापू नका, आणि वेबसाइटवर त्या लेखाखाली दोघांचे खासगी फोटो लावून जो पोल ठेवलाय तो आजच काढा.

आपली,
एक नियमित वाचक, मिसिसागा, कॅनडा